न धुतलेली लोकर

१ सप्टेंबर २०२५, सोमवार. शिरूर

अमेरिका बंद झाली. अमेरिका आहे तिथंच आहे, पण तिकडं जाणारी पाकिटं घेणं टपालखात्यानं थांबवलंय. तिकडच्या नव्या जकातीचा घोळ. माझ्या कॅसेटींची निम्मी गिऱ्हाइकं तिकडची, त्यामुळं आज दिवसभर दुकानात बसून नुसता टेबलफॅन ऐकला. बेअरिंग जाणार आहे त्याचं.

कॅसेटी म्हणजे जुन्या टीव्ही गेमच्या. तीस वर्षांमागं शिरूर, न्हावरा, काष्टी, दौंड, सगळीकडं टीव्ही गेमची दुकानं होती. पोरं तासावर खेळायची आणि बिघडलेली मशीनं माझ्याकडं यायची. मग मोबाइल आले, दुकानं मिटली, आणि ज्याला माझं बिल भागवणं जमलं नाही त्यानं कॅसेटींचं पोतं आणून दारात टाकलं. सुषमानं ती पोती दोनदा भंगारवाल्याला दाखवलीत. बायकोच्या तावडीतनं सुटलेला तोच माल आता जर्मनीतले, कॅनडातले टक्कल पडलेले बाप्ये फोटो बघून मागवतात. आपल्याकडच्या कॅसेटी त्यांच्याकडं कधी मिळाल्याच नाहीत, म्हणून.

अडचण एकच, भाडं. कॅसेट स्वस्त, वाट महाग. खासगी कुरिअरवाल्यानं अर्ध्या किलोला जो आकडा सांगितला त्यात दोन माणसं तुळजापूरला जाऊन, जेवून, परत येतील. टपालाचं स्पीड पोस्ट त्याहून बरंच खाली. सगळ्यात स्वस्त ट्रॅक पॅकेट, दोन किलोच्या आत. पण तिथं पन्नास पन्नास ग्रॅमला पैसा चढतो. म्हणजे वैरी कॅसेट नाही. वैरी खोका, आणि खोक्यात कोंबलेलं सामान.

आज पोस्टाच्या रांगेत कान उघडे ठेवले. ऑस्ट्रेलियाचं आणि न्यूझीलंडचं बुकिंग चालू आहे. पुढच्या बाई शेजारणीला सांगत होत्या, ऑस्ट्रेलियावाल्यांनी लेकीला पाठवलेलं मेतकूट आणि कुरडया फेकून दिल्या म्हणून. खाण्यापिण्याचं आहे ते. आपलं प्लास्टिक. आपल्याला काय भीती?

आता हलकं, फुकट आणि आदळआपट सोसणारं काहीतरी शोधायचं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सापडलं. आणि सापडलं ते घरातच.

सकाळी पाटसच्या वस्तीवर दादाकडं गेलो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, हरिबा. आमच्या घरात मेंढरांमागं राहिलेला शेवटचा माणूस. मी आयटीआयला गेलो तेव्हा माझ्या फीसाठी चार मेंढ्या बाजारात नेल्या त्यानं, आणि नंतर त्यावर कधी चकार शब्द नाही. मी पण त्याच्याकडं त्यानंतर काही मागितलं नाही. आपल्या हिमतीवर दुकान केलं.

आज मागितली. लोकर. आपल्या काळ्या मेंढरांच्या लोकरीला आता कुणी विचारत नाही, कातरणाऱ्याची मजुरी निघत नाही. म्हटलं, दादा, ती बांधावर टाकण्यापेक्षा मला दे, पैसे देतो. लोकर हलकी असते, दाबली की परत फुगते. कॅसेट चंदेरी पिशवीत घालायची आणि भोवती लोकर. आगगाडीखाली आली तरी वाचेल.

दादानं वहिनीकडं बघितलं. म्हाळसावहिनींनी बिरदेवकडं. बिरदेव म्हणजे दादाचा थोरला, अठ्ठावीस वर्षांचा, बोलणं मोजकं. मला वाटलं पैशाचं ऐकून अवघडले. मग दादा म्हणाला, “दिऊ की. किती पायजे?”

घरात पोतंभर होती. वहिनी म्हणाल्या, धुऊन, पिंजून देते, दोन दिवस लागतील. मी नको म्हटलं. धुतली की लोकरीतलं तेल जातं आणि तेल गेलं की ती ओल धरते. जहाजात, विमानात ओल लागली तर कॅसेटीच्या पितळी दातांना गंज चढणार. चाळीस वर्षं मशीनं उघडतोय, एवढं कळतं मला. “तशीच द्या,” म्हटलं. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, त्यात गोखरू हाय, लेंडी हाय. परक्याच्या घरी जायची वस्तू.” मी म्हटलं, परक्याला आपल्या मातीचा वास तरी जाईल. हसल्या नाहीत त्या.

ठरलं असं: मी शिरूरला कॅसेट लावून, ऐकून, तपासून द्यायची. बिरदेवनं ती वस्तीवर न्यायची. वहिनींनी भरायची. बिरदेवनं दौंडच्या पोस्टात टाकायची. तीन पाकिटं आजच भरली, दोन ऑस्ट्रेलियाची, एक न्यूझीलंडचं. वहिनींनी शिवायच्या आधी प्रत्येकात चिमूटभर भंडारा टाकला. बिरोबा पोचवील म्हणाल्या.

दादाच्या घरात चार पैसे जातील याचं फार बरं वाटलं. येताना लक्षात आलं, यंदा कुत्रं भुंकलं नाही माझ्यावर. ओळखायला लागलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

तिन्ही पाकिटं मुंबईतनं सुटल्याचं दिसतंय. मध्यंतरी जर्मनीचं एक घाईचं होतं, ते मीच रद्दीत गुंडाळून शिरूरला टाकलं. वहिनींचं शिवण त्याहून देखणं.

बिरदेव पोतं भरून लोकर देऊन गेला, कधी काही काम निघालं तर असू दे म्हणून. यावेळची जरा लालसर वाटली. ऊन लागलं असेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं वाटून झालं आणि फोनवर सोनं आलं.

ऑस्ट्रेलियात ॲडलेड म्हणून गाव आहे. तिथले ग्रॅहम नावाचे एक गृहस्थ जुन्या खेळांचं लहानसं प्रदर्शनघर काढतायत, डिसेंबरात उघडणार. त्यांना माझ्या कॅसेटी हव्यात, आणि साध्या नाहीत. माझ्या हाताच्या पट्ट्या असलेल्या.

त्याची गोष्ट अशी. कॅसेटीवर इंग्रजी नाहीतर चिनी लिहिलेलं असायचं, पोरांना कळायचं नाही. मग मी पांढऱ्या पट्ट्या चिकटवून मार्करनं नावं घातली. ‘रणगाडे’. ‘बदक मार’. ‘दोघांची मारामारी’. ‘पडला की मेला’. एकावर नुसतं ‘अवघड’. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मीच हसलो असतो. ग्रॅहम लिहितात की अशा जगात दुसऱ्या नाहीत. खरं आहे. पट्ट्या फाटल्या तर मलाही पुन्हा तशा करता येणार नाहीत. तो मार्कर धरणारा तरणा हनुमंत आता माझ्यात राहिला नाही.

निम्मे पैसे आगाऊ पाठवले त्यांनी. मी त्यांना शब्द दिला की नोव्हेंबरात हातात पडतील. सगळ्या मिळून वजन दोन किलोच्या वर जातं, म्हणून दोन पाकिटं करायची, ट्रॅक पॅकेटच्या दरात बसवायची. कुरिअरनं पाठवा, खर्च देतो, असं ते म्हणाले होते. मी कळवलं, कशाला उधळता? आमच्याकडं घरची सोय आहे.

सुषमा म्हणाली, “एवढी मोलाची वस्तू हाय तर या एका वेळी कुरिअर करा की.” मी म्हटलं, स्वस्तात नेऊन दाखवण्यातच धंदा आहे. महागात काय, कुणीही नेईल.

बिरदेव परवा येऊन घेऊन जाईल.

१३ ऑक्टोबर, सोमवार

वाईट दिवस.

ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या दोघा गिऱ्हाइकांचं सकाळी एकदमच आलं. पाकीट मिळालं नाही. दुपारी न्यूझीलंडचंही तेच. पाकिटांच्या प्रवासाची नोंद फोनवर बघितली तर तिन्ही तिकडच्या विमानतळापर्यंत दिसतात, आणि पुढं काही नाही. पैसे परत केले. विक्रीच्या साइटनं ताकीद पाठवली, अजून एक तक्रार आली तर माझं खातं बंद.

आणि जर्मनीच्या माणसाचा निरोप: मिळालं, उत्तम, आभार.

म्हणजे माझ्या हातानं शिरूरहून गेलेलं पोचलं. दौंडहून गेलेली तिन्ही गडप झाली. आणि ॲडलेडची दोन पाकिटं गेल्या सोमवारी त्याच वाटेनं रवाना झालीत.

दौंडहून म्हणजे बिरदेवच्या हातानं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

लिहिणार नव्हतो, पण ऐकलेलं डोक्यातनं जात नाही.

बिरदेव दुपारी दुकानात आला. चहा सांगितला, तो घ्यायच्या आधी त्याला फोन आला आणि तो मागच्या बोळात गेला. मी पुढं एका मिक्सरची मोटर उघडून बसलो होतो. रस्त्यावरच्या गाडीचा हॉर्न ऐकून ती कुणाची हे मी दुकानात बसून सांगतो, बोळातला फोन म्हणजे तर कानातच.

“दे त्यो म्हनंल त्यो भाव. माल पायजेच. न्हाई न्हाई, तात्यांच्या कानावर जाता कामा न्हाई. पैशाचं मी बघतो.”

तात्या म्हणजे मी.

आत आला तेव्हा चेहरा साफ. ‘तात्या, पार्सल हाय का?’ विचारलं. नाही म्हणालो. चहा निम्मा टाकून गेला.

कुठला माल? माझ्याकडं माल एकच आहे. मधे कुणी दलाल गाठलाय यानं, नाहीतर भावाची भाषा कशाला? पाकिटात दुसरं काही भरून पाठवायचं आणि कॅसेटी पुण्यात विकायच्या. सोपं आहे. मी त्याच्या जागी असतो तर मलाही सुचलं असतं.

रात्रीच्या जेवणाला सुषमाला सांगितलं. ती म्हणाली, “तुम्ही इचारून टाका त्याला. मनात धरून बसू नका.” विचारणं सोपं वाटतं तिला. तो चोर निघाला तर मी दादाच्या दारात परत जाऊ शकत नाही. आणि तो चोर नसताना मी बोललो, तर दादा माझ्या दारात परत येणार नाही. एकच शब्द आहे आणि तो दोन्हीकडनं कापतो.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

पाडव्याला मेंढरांची पूजा असते. दरवर्षी दादा आठ दिवस आधी फोन करतो. यंदा केला नाही. तरी गेलो, सुषमाला घेऊन.

मेंढरं कोंडायच्या वाड्यात एक मेंढरू नाही. दादा म्हणाला, वहिनींच्या भावाबरोबर कोकणात गेली. मी म्हटलं, एवढ्या लवकर? तर म्हणाला, “चारा ऱ्हायला न्हाई. चारी बाजूनं ऊस. आन् फाट्यापसनं नवी कुंपणं.” तेही खरंच आहे. वहिनींनी रिकाम्या वाड्याला, मेखेला हळदकुंकू वाहिलं, पुरणाचा घास तिथंच ठेवला. सुषमा त्यांच्याजवळ बराच वेळ बसून राहिली. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, कारण बोलल्याच नाहीत.

माझं लक्ष बिरदेववर. तो बापाशी हळू आवाजात साखर कारखान्यातल्या जागेचं बोलत होता, सीझन सुरू झाला की लागतो म्हणाला, रात्रपाळी. मेंढरांचं उत्पन्न आहे, माझं काम आहे, त्यात आता कारखाना. एवढा पैसा कशाला लागतोय पोराला?

शिरूरला परतताना न्हावरा आलं. सुषमा म्हणाली, “मोती दिसला न्हाई कुठं.” मी म्हटलं, कुत्रं मेंढरांबरोबर जाणारच.

ॲडलेडची पाकिटं सिडनीला पोचली आणि दोन्हींपुढं एकच शब्द: ‘अडवले’. ग्रॅहमना लिहिलं, थोडा धीर धरा. काय कारण ते मला माहीत नाही असं लिहिलं. कारण मला माहीत आहे असं वाटतंय, म्हणूनच तसं लिहिलं.

२९ ऑक्टोबर, बुधवार. दौंड

बिरदेवला न सांगता दौंडच्या पोस्टात गेलो. आंतरराष्ट्रीय काउंटरला सविता मॅडम असतात. गोड बोललो, वजनांचं विचारलं, दरांचं विचारलं, मग पुतण्याचं काढलं. त्यांनी सगळी बुकिंग दाखवली. प्रत्येक पाकीट नोंदलेलं. कस्टमच्या फॉर्मवर ‘जुन्या खेळाच्या कॅसेटी’ असं स्वच्छ. वजनही बरोबर. मॅडम म्हणाल्या, असा शिस्तीचा मुलगा रोज यावा.

शिस्तीचा म्हणजे पक्का.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. मागं एकदा तो त्यांना विचारत होता, तुमच्या गावाकडं कुणी मेंढपाळ आहे का ओळखीचा, म्हणून. मी हसलो. मेंढपाळाचं पोर मेंढपाळ शोधतंय? मॅडमची काहीतरी गल्लत झाली. दिवसाला शंभर तोंडं बघतात त्या.

बाहेर आलो तर स्टेशनाकडनं मालगाडीच्या डब्यांचे धक्के एकामागून एक ऐकू येत होते. एक डबा दुसऱ्याला ढकलतो, तो तिसऱ्याला. मनात आलं, आता मी पहिला धक्का देणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दिला.

ग्रॅहमांचं सकाळी आलं होतं. त्यांना तिकडच्या सरकारी खात्याचं पत्र आलंय, वाचून सविस्तर कळवतो, पण बातमी चांगली नाही. एवढंच. मी दुकानाला कुलूप घातलं. चौफुल्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडलो, तेवढ्यात डोकं थंड व्हायला हवं होतं. झालं नाही.

बिरदेव डबा घेऊन कारखान्याला निघालाच होता. दादा ओट्यावर. वहिनी चुलीपाशी. मी चप्पलही काढली नाही.

“बिरदेवा, ज्या कॅसेटी पोचल्या न्हाईत त्या कुणाला दिल्यास?”

त्यानं बापाकडं बघितलं. दादानं मान खाली घातली. मला वाटलं, बापाला पण ठाऊक आहे.

“मी कानानं ऐकलंय,” मी म्हणालो. “बोळात. भाव दे म्हनत हुतास.”

“ऐकलं व्हय,” बिरदेव म्हणाला. “सगळं ऐकलं असतंत तर बरं झालं असतं, तात्या.”

आणि मोटारसायकल काढून गेला. ना शिवी, ना शपथ. मी दादाला म्हटलं, तू काहीतरी बोल. तो उठला, आत गेला, कपबशी घेऊन आला. “हनमा, चहा झालाय. पिऊन जा.”

प्यालो. का प्यालो कळत नाही. आयुष्यात इतका शांत चहा प्यालो नव्हतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

सुषमा माझ्याशी बोलत नाही. विचारलं तर म्हणाली, तुम्ही फक्त आवाज ऐकता.

८ नोव्हेंबर, शनिवार

ग्रॅहमांचं सविस्तर आलं. मोबाइलवर मराठी करून वाचलं, मग खात्री होईना म्हणून इंग्रजी अडखळत वाचलं, मग परत मराठी.

कुणी काही चोरलेलं नाही. दोन्ही पाकिटं सिडनीत आहेत, तिकडच्या जैवसुरक्षा खात्याकडं. सोबत फोटो आहे. स्टीलचं टेबल, त्यावर माझ्या कॅसेटी एका रांगेत, ‘बदक मार’ सगळ्यात पुढं. बाजूला लोकरीचा ढीग. आणि त्याच्याही बाजूला, पांढऱ्या कागदावर, चिमट्यानं काढून ठेवलेलं: गोखरूचे काटे, गवताचं कुसळ, तीन लेंड्या. एका लहान पिशवीत पिवळी पूड. त्यावर लिहिलंय, तपासली, हळद.

कच्ची, न धुतलेली लोकर त्यांच्या देशात आणायला बंदी. जनावरांचे रोग जातात म्हणून. त्यांच्याकडं माणसांपेक्षा मेंढरं जास्त, असं ग्रॅहमच लिहितात. आधीच्या तीन पाकिटांचंही तेच झालं असणार. घेणाऱ्यांना पत्रं गेली असतील, त्यांनी लक्ष दिलं नसेल, आणि मुदत संपल्यावर जाळली असतील.

आता मार्ग दोन. लोकर तिथंच जाळायची, कॅसेटी पुसून सोडायच्या, त्याचा खर्च भरायचा. नाहीतर सगळंच जाळायचं. शुक्रवारपर्यंत कळवा.

खर्च मी भरतो असं लगेच कळवलं. तो आकडा पहिल्या दिवशीच्या कुरिअरवाल्याच्या आकड्याच्या वर जातो. तेही कळवणार होतो, पण ग्रॅहमांना त्यातली गंमत कळली नसती.

‘तशीच द्या.’ माझेच शब्द. ५ सप्टेंबरला इथंच लिहिलेत, आणि वर चाळीस वर्षांची ऐट.

९ नोव्हेंबर, रविवार

वस्तीवर गेलो. सुषमा आपणहून बरोबर आली. बिरदेव नव्हता, पाळी होती. खरंच होती का मला टाळून गेला, माहीत नाही.

फोटो दाखवला. वहिनींनी फोन हातात धरून बराच वेळ बघितला. म्हणाल्या, “मी म्हनलं हुतं, धुऊन देते.” तेवढंच. मग कौतुकानं म्हणाल्या, किती स्वच्छ टेबल हाय वो त्यांचं.

मी दादाच्या पायाशी बसलो. म्हटलं, तुझ्या लोकरीचा दोष नाही, माझ्या अकलेचा आहे. तुझ्या पोरावर मी नको ते बोललो.

दादा म्हणाला, “ती लोकर माझी न्हवतीच.”

मला कळलं नाही. तो सावकाश सांगत गेला. मेंढरं चैत्रातच विकली. चारायला जागा उरली नाही, गुडघे चालेनात, बिरदेवला त्यात जीव नाही. मोती नव्या मालकाबरोबर गेला. पहिलं पोतं घरात शिल्लक होतं. त्यानंतरची सगळी लोकर बिरदेवनं दुसऱ्या मेंढपाळांच्या वाड्यावाड्यांवरनं विकत आणली, कुणी मागंल त्या भावानं. मी देत होतो त्याच्या दुप्पट त्यात गेलं. ते भरून काढायला कारखाना.

“अरं पन मला सांगायचं की,” मी म्हणालो. “मी दुसरं काही बघितलं असतं. थर्माकोल घेतलं असतं.”

दादा माझ्याकडं बघत नव्हता. रिकाम्या वाड्याकडं बघत होता.

“तू आयटीआयला गेल्यापसनं पयल्यांदा कायतरी मागाया आला हुतास,” तो म्हणाला. “न्हाई कसं म्हनू?”

दिवेलागण झाली. ह्या वेळेला वस्तीवर काय गलका असायचा. कोकरं, मोती, दादाची शीळ, पाण्याच्या डोणीवरची ढकलाढकली. सप्टेंबरपासून मी इथं तीनदा येऊन गेलो होतो, हाच कान घेऊन. कारखान्याचा भोंगा तेवढा झाला. सुषमा पदर डोळ्याला लावून वहिनींच्या शेजारी बसली होती. तिला पाडव्यालाच कळलं होतं.

बिरदेवला फोन केला. वाजला, उचलला नाही. परत केला. मग दादाच म्हणाला, राहू दे, पाळीवर फोन चालत न्हाई.

१५ नोव्हेंबर, शनिवार

कॅसेटी सुटल्या. लोकर जाळली. भंडाराही जाळला, तसं लिहिलंय.

बिरदेव फोन उचलत नाही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार. शिरूर

ग्रॅहमांचा फोटो आला. काचेच्या कपाटात, खालून उजेड सोडून, माझ्या कॅसेटी. ‘अवघड’ मधोमध. प्रत्येकीखाली इंग्रजीत अर्थ लिहिलाय. पुढची मागणी पण आहे. सुषमाला दाखवला, तिनं चष्मा लावून बघितला, म्हणाली, अक्षर तेव्हा बरं होतं तुमचं.

पॅकिंगचं गणित बसलं. नव्या टीव्हीच्या खोक्यांचा नळीदार पुठ्ठा मागच्या दुकानात फुकट मिळतो. त्याचं घर करून कॅसेट आत सरकवली की हलत नाही आणि लोकरीपेक्षा हलकं. आधी का सुचलं नाही? आधी घरचं काहीतरी वापरायचं होतं मला.

दुपारी दोनच्या सुमारास दाराशी मोटारसायकल लागल्याचा आवाज आला. डोकं वर न करता ओळखली, मागच्या चाकाचा गार्ड घासतो तिचा. बिरदेव. कारखान्याची चिकट काळी राख मनगटापर्यंत. मी उठलो, खुर्ची पुढं केली. तो बसला नाही. काउंटरच्या बाहेरच उभा राहिला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं.

मी आठ दिवस घोकून ठेवलेलं बोलायला लागलो. त्यानं ऐकून घेतलं. सगळं. मधे एकदा मान हलवली. मी चहा सांगितला, तो आला, त्यानं प्यायला, पूर्ण. मला वाटलं, निभावलं.

मग त्यानं कप काउंटरवर ठेवला, खिशातनं पेन काढलं आणि विचारलं, “पार्सल हाय का? पार्सलमागं काय देनार त्ये आधी ठरवू. पावती आनून देत जाईन.”

मी आकडा सांगितला. दुप्पट सांगितला. त्यानं तो तळहातावर लिहून घेतला आणि पाकीट उचललं.

“येतो, शेठ,” म्हणाला.

रस्त्यावरनं उसाची ट्रॉली चालली होती, वर टेप लावलेला, मागं दोन ट्रक हॉर्न देत होते. तरी नीट ऐकू आलं.